पेन्सिलचा रकाना

मित्रांनो, मी एक जुनी गुणवही आहे, निळ्या कापडी पुठ्ठ्याची, जाडजूड. उत्तर इंग्लंडमधल्या एका बंदराच्या गावी पेंबर्टन बाई गणित शिकवायच्या. आठ वर्षं मी त्यांच्या पिशवीत सँडविचच्या डब्याशेजारी काढली. लोण्याचे डाग अजून अंगावर आहेत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी माझी टापटीप वाखाणली, तेव्हा मी केवढी फुशारले होते!

माझ्यात प्रत्येक नावापुढे चाचण्यांचे गुण, आणि शेवटी दोन रकाने. हिवाळ्यात पेन्सिलने बोर्डाच्या परीक्षेतल्या श्रेणीचा अंदाज लिहायचा, एक ते नऊ, नऊ सर्वांत वरची; ऑगस्टमध्ये शाईने खरा निकाल. गावच्या सिक्स्थ फॉर्म कॉलेजात, म्हणजे तिथल्या अकरावी-बारावीला, जागा मिळायची ती मात्र पेन्सिलच्या आकड्यावर. शाई उमटेपर्यंत जागा भरून गेलेल्या असत.

कॉलेजला अंदाज पाठवायच्या दिवशी मधल्या सुट्टीत टॅम्सिन क्रॅग आली. वर्गातली सर्वांत अबोल मुलगी.

"मिस, तुम्ही मला पाच दिलेत म्हणे. कॉलेजात गणित घ्यायला सहा लागतात."

"अगं, तू वर्गात कधी हात तरी वर करतेस का? तुला येतं की नाही, मला कसं कळायचं?"

"पेपर काय तोंडाने लिहायचा असतो, मिस?"

बाई खळखळून हसल्या. "बघते," म्हणत त्यांनी माझी मागच्या वर्षांची पानं चाळली आणि त्यांचं हसू मावळलं. अबोल मुलांपुढे शाईचा आकडा जवळजवळ दरवेळी मोठा, बोलक्यांपुढे लहान. दोन्ही रकाने शेजारी शेजारी होते, पण बाईंनी ते कधी एकत्र वाचलेच नव्हते. मला तोंड नाही, याचं फार वाईट वाटायचं.

"मग माझे सहा करता?"

"एकट्या तुझेच केले तर तो वशिला होईल. जा तू. सगळ्यांचेच बघते."

बाईंनी नावं पट्टीने झाकली आणि फक्त चाचण्यांचे गुण पाहून वर्गाचे अंदाज नव्याने लिहिले. पट्टी उचलली, तर टॅम्सिनला सहा, आणि लाडका, बडबड्या जास्पर सातावरून सहावर. बाईंनी उसासा टाकला, पण आकडा बदलला नाही. ऑगस्टमध्ये टॅम्सिनपुढे शाईने सात लिहिले गेले.

आता सगळं संगणकात असतं. मी कपाटात धूळ खाते, त्याची तक्रार नाही. मागणं एवढंच, की कुणापुढे अंदाज लिहिण्याआधी आपले जुने अंदाज किती चुकले, ते एकदा उघडून बघा.

माझ्या तिसऱ्या पानावर, पहिल्याच वर्षीची, आयरिस डॉड आहे. पेन्सिलने पाच, शाईने आठ. ती विचारायला आलीच नाही. तिच्या नावापुढे काहीच खोडलेलं नाही.