दोन नंबरचा कप्पा

मी पट्टा बोलतोय. कमरेचा नव्हे, कुत्र्याच्या गळ्यातला तर नव्हेच. ब्लड प्रेशर मोजताना दंडाभोवती गुंडाळतात, जो फुगतो, आवळतो आणि शेवटी सुस्कारा सोडतो, तो निळा पट्टा. जन्मभर लोकांचे दंड धरले, आणि दंड भरतोय मीच. आठ वर्षं झाली. दमलोय आता.

नळीच्या दुसऱ्या टोकाला डबा आहे, माझा जोडीदार. आवळायचं मी, आकडा सांगायचा त्याने. कौतुक त्याचं, शिव्या मला. "केवढा घट्ट बसतो मेला!" पुष्कळ संसारांत कामाची वाटणी अशीच असते, असं ऐकून आहे.

एका कारखान्यात, शिलाई मशिनींच्या लांबलचक रांगेत माझा जन्म झाला. माझ्या टोकाला खरखरीत चिकटपट्टी शिवणाऱ्या बाईने माझ्याकडे धड पाहिलंही नाही. जेवणाच्या सुट्टीआधी तिला अजून साठ पट्टे उरकायचे होते. तिचा दंड मला कधी मिळाला नाही. मिळाला असता तर काहीतरी सांगितलं असतं.

तिथून दुकानात आणि दुकानातून मी एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी आलो. डब्याला दोन बटणं आहेत, एक आणि दोन. दोन माणसांचे आकडे दोन वेगळ्या कप्प्यांत राहतात. एक नंबर बाईंचा, दोन नंबर त्यांच्या यजमानांचा. यजमानांचा आकडा कधी हललाच नाही. "तुमचं कशाला वाढेल? तुम्ही दुसऱ्यांचं वाढवता," असं बाई म्हणायच्या. तीन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. दोन नंबरच्या कप्प्यात त्यांचे अकरा आकडे राहिले. मोजण्यासाठी ते बटण मग कुणी दाबलं नाही. कधीतरी दुपारी बाई ते अकरा आकडे एकेक करून बघायच्या आणि डबा बंद करायच्या.

त्या घरात प्रेशर बाईंच्या मालकीचं होतं. "मला दोन मुलगे आहेत" हे ज्या थाटात सांगायच्या, त्याच थाटात "मला प्रेशर आहे" म्हणायच्या. थोरला मुलगा आणि त्याची बायको वरच्या मजल्यावर राहत. धाकट्याचं लग्न झालं आणि नवी सून आली, तेव्हा बाईंच्या सासूबाई झाल्या. थोरलीने त्यांना नुसतं "अहो आई" म्हटलं होतं. हिने खरंच सासूबाई केलं, कारण ही काही बोलायचीच नाही.

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ती करायची. वर्षभर नीट काम केलं की कायम करणार होते. तेवढं होईपर्यंत मूल नको, असं दोघांचं ठरलं होतं. माझ्या डब्यावर लिहिलंय, 'मोजताना बोलू नये.' सासूबाई मोजताना अख्ख्या गल्लीची खबर सांगायच्या. तो नियम त्या घरात पाळणारी ही एकटीच.

होय, तीही मोजायची. सासूबाई सकाळी अंघोळीला गेल्या की बारा मिनिटं मिळायची. ती हळूच कपाट उघडायची, मला बारीक दंडाला गुंडाळायची आणि एक नंबर दाबायची. मी आवळायला लागलो की कळायचं, या बारक्या हातात भलताच जोर आहे. एकशे अठ्ठावन्न, एकशे चार. ती कपाळ चोळायची, मला घडी करून होतं तस्सं ठेवायची आणि कामाला जायची. तिला वाटायचं, डबा बंद केला की आकडा पुसला जातो.

महिन्याच्या तपासणीला सासूबाई आम्हा दोघांना पिशवीत घालून दवाखान्यात नेतात. त्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी डब्यातले आकडे पाहिले आणि भुवया उंचावल्या. बाहेर चाळीस पेशंट खोळंबले होते. त्यांनी गोळीचा डोस दुप्पट केला.

जेवताना सासूबाई रंगवून सांगत होत्या, "डॉक्टरीण विचारते, घरी काही ताण आहे का? म्हटलं, नाही बाई, नवी सून आलीय तेवढंच!"

सगळे हसले. सुनेचा घास हातातच राहिला. डब्याच्या सगळं लक्षात राहतं, हे तिला तेव्हा कळलं.

तरी ती चार दिवस गप्प राहिली. मला तिचा राग आला होता, खरं सांगतो. पाचव्या सकाळी सासूबाई बेसिनपाशी उभ्या होत्या, आणि हातातला कप फुटला. त्या भिंत धरून खाली बसल्या. "डोळ्यांपुढे अंधारी आली गं," एवढंच म्हणाल्या.

धाकटा ओरडला, "आई, मीठ खाल्लंस ना वरून?"

"मीठ नाही खाल्लं," सून म्हणाली. "आई, चला दवाखान्यात. आत्ता. मीही येते."

डॉक्टरीणबाईंनी मला पिशवीतून काढून आधी सासूबाईंच्या दंडाला बांधलं. अठ्ठ्याण्णव, साठ. त्या चकित झाल्या. तेवढ्यात सुनेने बाही वर केली.

"आता माझं बघा."

एकशे बासष्ट, एकशे चार.

"डब्यातले वाढलेले आकडे माझे आहेत," ती म्हणाली. "यांचे नाहीत."

"अगं, मग दोनचं बटण होतं की!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"ते बटण बाबांचं आहे. ते कसं दाबू..."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. इतका वेळ त्या गप्प बसलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

मग एकेक बाहेर आलं. लग्नाआधी नोकरीच्या तपासणीत तिचं प्रेशर वाढलेलं निघालं होतं. तिच्या आईने तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला. "भीतीने वाढतं. कुठे बोलू नकोस," म्हणाली. लग्नानंतर जावेने आपल्याजवळचं पाळणा लांबवायच्या गोळ्यांचं पाकीट दिलं. "मी सहा वर्षं घेतेय, मला काही होत नाही." त्यानंतर हिचं डोकं ठणकायला लागलं.

"त्यांना चालतात, कारण त्यांना प्रेशर नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चप्पल आहे का ही, पायात बसली की घातली? या गोळीत इस्ट्रोजेन आहे. त्याने प्रेशर वाढतं. आधीच वाढलेलं असेल तर रक्ताची गुठळी, अर्धांगवायू, काहीही होऊ शकतं. ही आजपासून बंद."

"मग आता?" तिने विचारलं. "गोळी नाही तर... माझी नोकरी..."

"अगं, दार एकच नसतं. इस्ट्रोजेन नसलेली वेगळी गोळी आहे. तांबी आहे, म्हणजे कॉपर टी, तिच्यात हार्मोनच नाही. सुरुवातीला पाळीला जास्त जाईल कदाचित, पण प्रेशरला धक्का नाही. तोवर नवऱ्याला म्हणावं, कंडोम वापर. ठरवायचं तू. आणि हो, माझंही चुकलं. डोस वाढवण्याआधी मी स्वतः मोजायला हवं होतं."

सुनेने मान वर केली नाही. आता सासूबाई काय म्हणणार, याची वाट तिच्याइतकीच मीही बघत होतो. अजून तिच्या दंडालाच होतो ना.

"तांबी बरी," सासूबाई म्हणाल्या. "धाकट्यानंतर मी बसवली होती. मुलांच्या बाबांना शेवटपर्यंत पत्ता नव्हता. बिचारे देवाची मर्जी म्हणायचे."

डॉक्टरीणबाई हसल्या. मग सूनही हसली, आणि तो दंड माझ्या मिठीत पहिल्यांदा सैल पडला.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी?"

तो चपला घालून औषधाच्या दुकानात गेला.

पुढच्या पाळीनंतर तिने तांबी बसवून घेतली. प्रेशरची तिची स्वतःची गोळी सुरू झाली. सगळं एका झटक्यात सुरळीत झालं असं नाही. पाळीचे दोन महिने त्रासाचे गेले. आकडाही रुसल्यासारखा हळूहळू उतरला.

सासूबाईंनी एका दुपारी दोन नंबरचे अकरा आकडे जुन्या डायरीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतले. नंतर दोनचं बटण दाबून धरलं. कप्पा रिकामा झाला.

माझं म्हणाल तर, माझी चिकटपट्टी धाग्यांनी आणि केसांनी भरलीय. अर्धा फुगलो की चर्र करून सुटतो. सून मला दुसऱ्या हाताने धरून ठेवते. नवा पट्टा मागवलाय, दोन दिवसांत येईल. वाईट वाटत नाही. इतकंच म्हणेन, मोजताना गप्प बसा, पण ती चुप्पी उरलेल्या दिवसभर पुरवू नका. मी फक्त आवळतो. आकडा कुणाचा, हे ज्याचं त्यानेच सांगायचं असतं.

आज सकाळी सून मोजत होती. अंघोळीहून येताना सासूबाई दारात थांबल्या.

"किती?"

"एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी. माझं आहे."

"ठीक. नजर नको लावू, माझं कमी आहे."

मी हवा सोडली.