माझं पातं कोरं निघालं

मी विळा बोलतोय. दचकू नका, कुणाला कापायला आलेलो नाही. आता कापायला उरलंय तरी काय! बोलायचं ते एवढ्यासाठी, की पितांबर आबांची मोसंबीची बाग गेली आणि सारं गाव म्हणतं, रोगानं गेली. रोगानं गेली हे खरंच. पण त्या रोगाला वाट करून देणाऱ्यांत मीही होतो. कुणीतरी मला विचारेल म्हणून पुष्कळ वाट पाहिली. विळ्याला कोण विचारतं हो?

माझा जन्म सोनगीरचा. हायवेवर मोडून पडलेल्या एका ट्रकच्या कमानीचा पाटा लोहारानं तापवला, ठोकला आणि मला घडवलं. म्हणजे मूळचा मी ट्रकवाला! याचा तोरा मला अजून आहे. आबा देवपूरला लेकीला भेटून गावी परत चालले होते. लोहाराच्या पालापाशी थांबले, माझ्या पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हाऊ माले द्या." तेव्हापासून मी त्यांचा.

मला वाटलं, चारा कापीन, बांधावरचं गवत कापीन, सुखानं झिजेन. पण आबांनी मला वेगळंच काम दिलं.

त्या साली गावातल्या मोसंबीला डिंक्या लागला होता. यात खोडातून डिंक गळतो, साल कुजते, पानं पिवळी पडतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत उभं झाड वाळून जातं. हा रोग पाण्याबरोबर एका वावरातून दुसऱ्या वावरात उतरतो. आबांचं वावर सगळ्यांत खालच्या अंगाला. त्यांनी गावातल्या बागवाल्यांना पारावर बसवलं आणि सांगितलं, "मी एकलानं औषध लावीसन काय उपेग? वरना वावरमातून रोग खाले येस. लावनं पडी तं बठ्ठासले लावनं पडी."

मग झाडपट्टी ठरली. ज्याची जितकी झाडं, तितकी त्यानं पट्टी द्यायची. त्या पैशातून मोरचूद, म्हणजे रोग मारणारं निळं औषध, आणि चुना आणायचा आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी आबांच्या अंगणात प्लास्टिकच्या ड्रममध्ये खोडांना लावायचं मलम कालवायचं. सगळे आपापली बादली घेऊन येत. वाटप सुरू व्हायच्या आधी माझी परीक्षा असे. आबा मला त्या निळ्या मलमात बुडवत, थोडं थांबत आणि बाहेर काढून उन्हाकडे धरत. मोरचूद जास्त झालं असेल तर माझं पातं तांबूस व्हायचं. असलं मलम साल जाळतं, मग आणखी चुना घालायचा. पातं कोरं निघालं, की आबा ओरडत, "कोरा शे! भरा बादल्या!"

काय सांगू तो रुबाब! सारं गाव माझ्याकडे बघायचं. पहिली चार वर्षं बाग अशी सावरली की काय विचारता. सुनंदाबाई, म्हणजे आबांच्या कारभारीणबाई, बागेत गेल्या की खोडांवरून हात फिरवायच्या. पोरांच्या पाठीवर फिरवतात ना, तसा.

पुढं वरच्या अंगाच्या हेमराजनं बाग वाढवली. नवी झाडं लावली, पण पट्टी देताना आकडा जुनाच सांगितला. सगळ्यांनी ऐकलं. नवी झाडं रस्त्यावरून दिसत होती हो! तरी कुणी चकार शब्द काढला नाही. कारण आमच्याकडे दुसऱ्याची झाडं मोजायची नाहीत. फळावर आलेल्या बागेत बोट दाखवून मोजणाऱ्याची नजर लागते म्हणतात, आणि त्याहून वाईट म्हणजे, तुम्ही त्या माणसाला खोटारडा म्हणता. म्हणून जो तो आपला आकडा आपणच सांगणार आणि दुसरा मान डोलवणार. पुढच्या आखाजीला बाकीच्यांचेही आकडे खाली आले. आबांचा तेवढा खरा राहिला.

आता पट्टी जितक्या झाडांची, मोरचूद तितक्याच झाडांचं. बादल्या मात्र सगळ्या झाडांच्या! अर्ध्या वाटपातच ड्रमचा तळ दिसायला लागला. बादली घेऊन माणसं उभी. आखाजीच्या दिवशी दारी आलेल्याला रिकामं कसं पाठवायचं? आबांनी इकडं-तिकडं पाहिलं आणि ड्रममध्ये चुना ओतला, पाणी ओतलं.

सुनंदाबाईंनी ओसरीवरून पाहिलं. त्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "असं काय करतस? एक डाव मोजी टाका ना बठ्ठासना झाडं!"

"दुसराना वावरमा जाईसन मोजू? मी काय चोर शे?" आबा तटकन म्हणाले. मग त्यांनी मला उचललं आणि बुडवलं.

मी कोरा निघालो.

निघणारच! मला एवढंच कळतं, की मोरचूद जास्त झालं तर लाल व्हायचं. कमी झालं तर ते सांगायची सोयच माझ्यात नाही. त्या दिवशी ओरडावंसं वाटलं, अहो आबा, हे नुसतं चुन्याचं पाणी आहे, भिंतीला लावा! पण आबा ओरडले, "कोरा शे!" आणि लोकांनी बादल्या भरल्या. असं एकदा नाही, पाच आखाज्या झालं. झाडांची खोडं लांबून पांढरीफेक दिसायची. पाहुणे म्हणायचे, वा, काय निगा राखता!

मग तो पाऊस आला. आठ दिवस वावरांत पाणी साचलं. हेमराजच्या बागेतलं पाणी बांध फोडून आबांच्या बागेत उतरलं. दिवाळीपर्यंत पहिल्या खोडांतून डिंक गळायला लागला. आबा मला घेऊन झाडाझाडाशी बसले. कुजकी साल माझ्या पात्यानं खरवडत राहिले. खालची चांगली साल लागेपर्यंत खरवडायचं असतं. कितीही खरवडलं तरी चांगली साल लागेना.

शेतीचे साहेब आले. "मलम लावलं होतं?"

"दर आखाजीले," आबा म्हणाले.

"एकूण झाडं किती आणि मोरचूद किती?"

हेमराज तिथंच उभा होता. आबांनी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं चपलेकडे पाहिलं. साहेबांनी पुन्हा विचारलं नाही.

रोग साऱ्या बागांत पसरला आणि यंदा सगळ्यांनीच बागा तोडायला काढल्या. लाकडाचा ठेकेदार मगन आला. त्याचा भाव झाडामागे. हातात खडू घेऊन तो वावरावावरातून हिंडला, प्रत्येक खोडावर फुली मारत, मोठ्यानं मोजत. एक, दोन, तीन... आणि मागून सगळे बागवाले चालत होते, एकही झाड सुटू नये म्हणून! हेमराज तर धावत गेला आणि म्हणाला, "मगनभाऊ, बांधजोडे एक राही गयं, ते बी धरा!"

त्या दिवशी मोजायला कुणाची हरकत नव्हती.

शेवटी मगननं एकूण आकडा सांगितला. पट्टीच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला. आबा बांधावर बसले होते, मी त्यांच्या मांडीवर. ते इतकंच म्हणाले, "इतला झाडं व्हतात?" सुनंदाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या घराकडे वळल्या.

आता मी पडवीत खुंटीला आहे. ड्रममध्ये कोंबड्यांचं खाद्य ठेवतात. मुठीपाशी मला गंज चढतोय, चढू दे. तुमच्या गावात अशी पट्टी असेल, तर माझ्यासारख्याला बुडवायच्या आधी एकमेकांची झाडं मोजा, एवढं सांगायचं होतं. मोजणार नाही तुम्ही, मला ठाऊक आहे. काल आबांनी सवयीनं मला खुंटीवरून काढलं, पाण्याच्या बादलीत बुडवलं आणि उन्हाकडे धरलं. मी कोराच निघालो. त्यांनी मला पुसलं आणि परत टांगून ठेवलं.