अख्खी ट्यूब

"हे असले पाय घेऊन तू गहू कापणार?" फौजदारीण दारातच आडवी उभी राहिली. "गप घरात बस. आम्ही मायलेक आहोत."

"दोघांनी काय होतंय, आत्याबाई? आभाळ बघा की जरा."

आभाळ खरंच वाईट होतं. सकाळपासून वारा मेला होता. डोंगराच्या अंगाला काळं-तांबडं काहीतरी साचत चाललेलं. म्हातारीला त्या रंगाची चांगली ओळख होती. गारा. गहू वाळून खडखडत उभा, मजूर मिळेनात, आणि नेमकी काल सून सायकलवरून खडीत पडली. दोन्ही पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सोलून निघाले होते. नुसतं कापड टेकलं तरी पोरगी ओठ चावायची.

म्हातारीचा आवाज आणि जरब बघून गाव तिला माघारी फौजदारीण म्हणायचं. सगळ्यात जास्त ती सुनेवरच ओरडायची, आणि दुधावरची साय मात्र सुनेच्याच वाटीत जायची.

तिला मलम आठवलं. मागं दवाखान्यात तिच्या मानेवरची चामखीळ काढली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आधी ते बोटाच्या टोकाएवढं लावलं होतं. कातडी अशी बधिर झाली की काही कळलंसुद्धा नाही. उरलेली ट्यूब घरी आली. निघताना बाई काहीतरी बजावत होत्या, एवढंच लावायचं, जखमेवर नाही, असलं काहीतरी. पण फौजदारीण तेव्हा चपला शोधत होती.

"बस खाली," तिनं दरडावलं आणि अख्खी ट्यूब पिळून दोन्ही पायांवर थापली. कापड चिकटू नये म्हणून बियाण्याच्या पिशवीचं प्लॅस्टिक गुंडाळलं, वरून फडकी आवळून बांधली.

थोड्या वेळानं सुनेनं पाय आपटून बघितला आणि हसायलाच लागली. "हे पाय माझेच आहेत ना हो?"

तिघं शेतात उतरले. मुलगा पलीकडच्या टोकाला पेंढ्या ट्रॉलीत टाकत होता, इकडं सासूसून कापत होत्या. अंगाची काहिली होत होती. सुनेचा विळा सपासप चालला होता. म्हातारी मनात म्हणाली, औषध असावं तर असं.

"आत्याबाई, पाण्याला लोखंडाची चव येतेय."

"कळशी तीच, विहीर तीच. नखरे नकोत."

पुढच्या वाफ्यात सून पुन्हा थांबली. "कानात किर्र करतंय."

"ऊन लागलंय. फडकं बांध डोक्याला."

मग वाफ्याच्या टोकाशी ती थबकली. बोलली तेव्हा जीभ जड झाली होती. "ओठ... ओठ लागत नाहीत हाताला."

म्हातारीनं विळा थांबवून मागं वळून बघितलं. तेवढ्यात डोंगराकडं आभाळ गुरगुरलं आणि ती पुन्हा खाली वाकली. एवढा वाफा उरकू, मग बघू.

मागं विळा पडल्याचा आवाज आला. सून मातीत आडवी झाली होती. डोळे वर गेलेले, हातपाय झटके देत होते, तोंडातून फेस येत होता. म्हातारीनं तिला कुशीवर वळवलं, फडकी ओढून काढली. प्लॅस्टिकखाली घाम, रक्त आणि ते पांढरं मलम एकत्र झालं होतं. तिला काय समजायचं ते समजलं. तिनं प्लॅस्टिक टराटरा फाडलं आणि कमरेला कोंबलं.

मुलगा ओरडत धावत आला. "साप! गव्हात साप असणार, आई!"

तिनं कमरेचं प्लॅस्टिक पदराखाली आणखी आत सरकवलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई सोललेल्या, रक्तामातीनं माखलेल्या पायांवर सापाच्या दातांची खूण शोधत होत्या. झटके थांबले होते, पण पोरीचं तोंड निळसर दिसत होतं. नाकावर नळी लावली होती.

"काही खाल्लं होतं? काही लावलं होतं?"

"नाही हो," मुलगा म्हणाला. "सापच तो. दुसरं काय?"

म्हातारी भिंतीला टेकून उभी होती. बोललं तर गाव काय म्हणणार, ते तिला पाठ होतं. सासूनं सुनेला घालवायचा घाट घातला. आणि पोरगा? तो काय म्हणेल? नर्स सापाच्या विषावरचं औषध काढायला कपाटाकडं निघाली.

खाटेवर पोरीचा हात पुन्हा उडाला.

"मलम!" फौजदारीण ओरडली. कमरेचं प्लॅस्टिक तिनं टेबलावर टाकलं. "बधिर करायचं मलम. सगळी ट्यूब. मी लावली. वर हे गुंडाळलं."

डॉक्टरीणबाई क्षणभरही थांबल्या नाहीत. "ते औषध राहू दे! पाय धुवा, पुसून काढा सगळं!" झटक्यांवरचं इंजेक्शन देता देता त्या म्हणाल्या, "सोललेल्या कातडीतून सरळ रक्तात जातं ते, आजी. वरून झाकलं, घाम आला, की आणखीच. मेंदूला लागतं, काळजाला लागतं. आता नाडी धरून बसायचं."

बाहेर पत्र्यावर पहिली गार वाजली, मग सगळं आभाळच कोसळलं. उभा गहू जात होता. कुणी खिडकीकडं वळूनही बघितलं नाही. नर्सनं पाय धुतलेलं पांढुरकं पाणी मोरीत ओतलं.

बाकावर मायलेक शेजारी बसले होते. मुलगा जमिनीकडं बघत म्हणाला, "पहिल्यांदा विचारलं, तेव्हाच का नाही बोललीस?"

 

गारा थांबल्या. दिवे लागायच्या सुमाराला आतून कण्हल्याचा आवाज आला, मग एकदम किंकाळी. "आई गं! पाय जळतायत माझे! कुणीतरी बघा हो!"

फौजदारीण उठली. भिंत धरून ती खाटेपाशी पोचली आणि सुनेचं डोकं छातीशी घट्ट धरलं.

"दुखतंय ना? रड, बाई. मोठ्यानं रड," ती म्हणाली, आणि स्वतःच हुंदके देऊ लागली.

मुलगा दारात आला. बायकोकडं बघत राहिला. आईकडं मात्र त्यानं बघितलं नाही.