कर्नलच्या दारावरचा नोंदकरी

मित्रांनो, पडद्यावर माझं चित्र शोधू नका, सापडणार नाही. संगणकाच्या अगदी आत, सगळा कारभार चालवणाऱ्या कर्नल नावाच्या गाभ्यात, बसलेला मी एक जुना प्रोग्राम आहे. कोणालाही फाइल उघडायची, बदलायची किंवा पुसायची असली की कर्नलची परवानगी लागते. त्या दारावर मी उभा असतो. कोण आलं, कोणती फाइल मागितली, तिचं काय केलं, किती वाजता, एवढंच लिहितो. फाइलच्या आत डोकावत नाही.

एका प्रोग्रामर ताईने मला घडवलं आणि तान्ह्या बाळांचे कान तपासणाऱ्या दवाखान्यात बसवलं. सुरुवातीला माझं कोण कौतुक! मग देखभालीचे इंजिनिअर आले. "हा सगळं लिहीत बसतो, म्हणून मशीन रांगतंय," म्हणाले आणि मला बंद केलं. माझ्यामुळे थोडा वेळ जातो, कबूल. दारावर विचारपूस म्हटली की वेळ जायचाच!

तीन महिन्यांनी बाळांचे रिपोर्ट नाहीसे होऊ लागले.

"सिस्टर, फाइलींना काय पाय फुटले? तुमच्याशिवाय त्यांना हात कोण लावतं?" डॉक्टर कडाडले.

"मी फक्त उघडून वाचते हो! आज गेलेली फाइल कालच त्या बाळाच्या आईसमोर उघडली होती."

"शनिवारपर्यंत छडा लावा, नाहीतर सोमवारपासून येऊ नका."

सिस्टरनी ताईला बोलावलं. ताईने मला जागं केलं. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत आणखी एक रिपोर्ट गेला आणि सगळे माझ्या ओळींवर वाकले. दहा वाजून दहा मिनिटं: सिस्टरनी फाइल उघडली, वाचून बंद केली. एक वाजता: सफाईच्या प्रोग्रामने तीच फाइल पुसली.

"शक्यच नाही," इंजिनिअर म्हणाले. "सफाई मीच बसवलीय. साठ दिवसांत न उघडलेल्याच फाइली ती पुसते."

"आणि फाइलीवर ती उघडल्याची तारीख टाकणं कोणी बंद केलं?" ताईने विचारलं.

"मीच... मशीन पळावं म्हणून." त्यांचा चेहरा उतरला. रोज उघडलेली फाइलही सफाईला जुनीपुराणी दिसत होती. "ताई, ती एक वाजताची ओळ तेवढी काढता येईल का?"

"हात लावून तर बघा!" सिस्टर म्हणाल्या.

बहुतेक रिपोर्ट जुन्या प्रतीतून परत आले. तीन आले नाहीत. त्या तीन बाळांना पुन्हा बोलवावं लागलं, आणि त्यांच्या आयांना फोन डॉक्टरांनी स्वतः केले. सिस्टर सोमवारी कामावर होत्या.

मित्रांनो, माझे लाड करू नका. माझ्या ओळी साठून जागा अडली तर जुन्या काढा, मी जड होत असेन तर मोजक्याच फाइलींवर नेमा. पण मी कुणाचं मन राखून लिहिणार नाही. डॉक्टरांचं नाही, सिस्टरचंही नाही. हे पटत नसेल तर मला खुशाल बंद करा. मात्र त्यानंतर काही हरवलं, तर कुणाकडे बोट दाखवायचं नाही.