बायडाबाईचं कपाळ

मी बोलतोय. भिंतीवर हार घालून मिरवतोय तो रंगीत फोटो नव्हे. त्याच फ्रेममध्ये त्याच्या पाठीमागं पुठ्ठ्यासारखा दडपलेला जुना काळा-पांढरा फोटो. माझ्याकडून गोड बोलणं होणार नाही, आधीच सांगतो.

मंगळवार पेठेतल्या एका स्टुडिओत माझा जन्म झाला. समोर बायडाबाई बसली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, तरी कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ते कुणाच्या नावाचं, यावर अख्खी गल्ली कुजबुजायची. कुणी एका पैलवानाचं नाव घ्यायचं, कुणी म्हणायचं, नवरा मेलाच नाही, परागंदा झालाय. नळावर बायका तिला बघून बाजूला सरकायच्या. तिचं उत्तर एकच, "कपाळ माझं हाय. तुमी तुमचं बगा की!"

खरं काय ते मलाही ठाऊक नाही. "कुकू नीट येऊ दे," असं तिनं फोटोग्राफरला बजावलं होतं. ते मी नीट घेतलं.

ती गेली आणि घरच्यांनी मला ट्रंकेत कोंबलं. कसरीनं माझा कोपरा खाल्ला, पण तिच्या कपाळाला तोंड लावलं नाही. माणसांपेक्षा कसर बरी म्हणायची.

यंदा तिच्या नातवानं, बाळासोनं, बंगला बांधला. हॉलमध्ये पूर्वज हवेत म्हणून मला रंग भरायला फोटोच्या दुकानात नेलं. संगणकानं जांभळी साडी हिरवी केली, पण कुंकू बरोबर लाल ओळखलं. बाळासो दचकलाच.

"अवो, इधवा बाई हाय ती! वास्तुशांतीला पावणं येणार, काय म्हनतील? पुसा ते. साडी बी पांढरी करा."

दुकानदारानं पुसलं. एवढं सोपं होतं ते! मग तो रंगीत फोटो पुढं आणि मी मागं, खिळे ठोकून एकाच फ्रेममध्ये.

वास्तुशांतीला बाळासोची आई चिमणाबाई, म्हणजे बायडाबाईची सून, फोटोपुढं उभी राहिली.

"ही कुनाची म्हातारी रं?"

"आई, आज्जी हाय की आपली."

"न्हाय. ह्या आमच्या आत्याबाई न्हवंत."

नवरा गेल्यापासून तिचं स्वतःचं कपाळ उघडं आहे. ती देवघरातून करंडा घेऊन आली आणि सगळ्या पाहुण्यांदेखत काचेवर कुंकू टेकवलं.

पाहुणे गेल्यावर बाळासोनं काच पुसली. सकाळी चिमणाबाईनं पुन्हा लावलं. आता रोजचंच झालंय. तिच्या बोटाचा दाब मला मागं कळतो आणि तेवढाच दिवस बरा जातो.

बाळासो, खिळे उपस आणि मला पुढं घे. नसेल जमत तर बस पुसत. तुझ्या आजीचं कुंकू पुसायला अख्खी गल्ली कमी पडली होती. तू तर एकटाच आहेस.