ब्रिहिदाच्या चिपांची गोणी

लिब्रादाच्या डोक्यात तिडीक गेली ती दोन्या पेर्पेतुआने आईची चिपा, कंदाच्या पिठाचा तो भाजलेला पाव, टेबलाच्या कडेवर आपटली तेव्हा. टेबलाचा टवका उडाला. चिपाला ढिम्म काही झालं नाही.

"अगं बाई ब्रिहिदा," पेर्पेतुआ रांगेतल्या बायांकडे बघत म्हणाली, "ही आपल्या पोरांनी खायची, का बोलिव्हियावाल्यांना फेकून मारायची?"

बाया फिदीफिदी हसल्या. सरहद्दीवरच्या चाकोत बोलिव्हियाशी लढाई पेटल्यापासून गावात पुरुष म्हणजे पाद्री आणि म्हातारे. सैन्यासाठी चिपा भाजायचं काम बायांच्या समितीकडे, आणि समिती म्हणजे पेर्पेतुआ. तिने मोडून बघितल्याशिवाय एक गोणी ट्रकात चढत नव्हती. ब्रिहिदाची चिपा तर मोडतच नव्हती.

"चीज नाही गं त्यात," ब्रिहिदा पुटपुटली. "नुसतं कंदाचं पीठ."

"मग घालायचं ना चीज!"

"कुठून?" लिब्रादा तडकली. "आमची गाय सैन्याला दिली. तुमची अजून अंगणात रवंथ करतेय, म्हणून तुमच्या चिपा मऊ!"

"लिब्रादा! मोठ्यांशी असं बोलतात?" आईने चिमटा काढला, पण नजर गोणीवरच. तिचा मुलगा क्रिस्पिन चाकोत लढत होता. घरची चिपा त्याच्या तोंडी लागावी म्हणून तिने भट्टीपुढे भुवया जाळून घेतल्या होत्या.

"नापास! पुढची!"

तेवढ्यात भरलेला ट्रक आपणहून हलला. सैन्याचा ड्रायव्हर एपिफानियो सावलीत येर्बाच्या पानांचा चहा नळीने ओढत बसलेला. चर्चपुढच्या उतारावरून ट्रक मागे मागे घसरायला लागला, थेट पेर्पेतुआच्या अंगणाकडे.

"माझी गाय!" पेर्पेतुआ किंचाळली.

एपिफानियोने चाकामागे वीट टाकली, तिचा भुगा झाला. कुणीतरी स्टूल फेकलं, त्याची काडी काडी झाली. लिब्रादाने आईची गोणी ओढत नेली आणि मागच्या चाकाखाली ढकलली. कर्र्र! ट्रक थांबला. गाईने त्याचा मागचा दिवा चाटून बघितला.

एपिफानियो वाकून गोणी चाचपत म्हणाला, "दोन्या ब्रिहिदा, ही मला द्या. चाकोच्या वाळूत चाकाखाली घालायला असलंच काहीतरी पाहिजे."

"समितीने नापास केलीय ती," पेर्पेतुआ म्हणाली.

"समितीने मला ब्रेक दिलेत का?"

"चाकाखाली?" ब्रिहिदा भडकली. "अन्न आहे ते!"

"थांब गं आई." लिब्रादा ड्रायव्हरपुढे उभी राहिली. "न्या. पण वरच्या चांगल्या आमच्या क्रिस्पिनला द्यायच्या."

"एवढ्या फौजेत कुठे शोधू त्याला?"

"सगळ्यांना चिपा दाखवत जा. जो लांबूनच घाबरेल, तो आमचा."

ट्रक निघाला तशी ब्रिहिदा परकर सावरत मागे पळाली. "आधी चहात बुडव म्हणावं त्याला! बराच वेळ बुडव!"

एपिफानियोने हात हलवला. ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक, म्हणून ती ओढ्यापर्यंत ओरडत गेली.