मोठ्या भाकरीचा चतकोर

अधिक महिन्यात गोदावरीबाईंनी दोन नेम धरले होते. जेवताना अवाक्षर बोलायचं नाही, आणि महिना सरताना गल्लीतल्या तेहतीस सवाष्णींना पितळेचं एकेक निरांजन द्यायचं. तेही स्वतःच्या कमाईतून. कमाई म्हणजे फुलवातींची. अमरावतीत कापसाला काय तोटा! वर्षभर वाती वळून, विकून त्यांनी एकतीस रुपये जमवले होते. पण निरांजनाचा भाव रुपया. दोन रुपये कमी, आणि महिना तर संपतच आलेला. यजमान गोपाळकृष्णपंतांनी मागताक्षणी दिले असते. पण मग नेम कसला?

तशात सिंधू शाळेतून धावत आली. "आई, मोतीरामजींच्या दुकानावर पाटी लागलीय. अधिकमासाची सूट, शेकडा पंचवीस!"

मायलेकी लगोलग भांड्यांच्या दुकानात गेल्या. निरांजनावरच्या चिठ्ठीत भाव होता सव्वा रुपया.

"मागच्या महिन्यात रुपयाच होता ना हो?" गोदावरीबाईंनी हळूच विचारलं.

मोतीरामजी खो खो हसले. "तुमच्यापाशी काय लपवायचं, माय? रुपयावर चार आणे चढवले, आता बिलातून शेकडा पंचवीस कापतो, म्हंजे चार आणे उतरवले. गिऱ्हाइकाले सूट दिसते, माह्यं काही जात नाई!" नवे पैसे येऊन वर्षं लोटली, तरी त्यांचा हिशोब आण्यांतच चाले.

सिंधूची बोटं आईच्या पदरामागं हलली. तिनं आईच्या कानाशी तोंड नेलं. "आई, शेकडा पंचवीस सव्वा रुपयावर काढायचे. म्हणजे सव्वाएकतीस पैसे उतरतात, पंचवीस नव्हे. निरांजन पावणेचौऱ्याण्णव पैशांना पडतं. आपले पैसे पुरतात! आता तू बोलू नकोस."

गोदावरीबाईंनी पदराची गाठ चाचपली. पुरत होते खरे. पण दुसऱ्याच्या चुकीतून आलेला दिवा कुणाच्या देवापुढं लावायला द्यायचा? त्यांनी डोळे मिटून घेतले आणि उघडले.

"मोतीरामजी, तुमचं जातंय हो. रुपयामागं एक आणा."

"काहून? चार चढवले, चारच उतरवले!"

गोदावरीबाईंनी लेकीकडं पाहिलं. "सांग त्यांना."

सिंधू क्षणभर घुटमळली. मग म्हणाली, "काका, लहान भाकरीचा चतकोर आणि मोठ्या भाकरीचा चतकोर सारखा असतो का?"

"सारखा कसा राहीन?"

"तुम्ही लहान भाकरीचा चतकोर जोडून भाकर मोठी केली. आता चतकोर तोडताय तो मोठीचा."

मोतीरामजींनी कानावरची पेन्सिल काढली. चिठ्ठीच्या पाठीवर एकदा मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. मग कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा! सकाळपासून इकून राहिलो ना मी!"

"एकतीसच द्या," गोदावरीबाई म्हणाल्या. त्यांनी पदराची गाठ सोडली. "रुपयाप्रमाणं."

"तेहतीस न्या. पाटी माही, जबान माही. पाटीच्याच भावानं न्या."

"तुमचं नुकसान होईल."

"मघा मले मालूम नव्हतं, तवा नुकसान होतं. आता मालूम असून देतो." मग त्यांनी खडू सिंधूपुढं धरला. "पण उद्यापासून किती लिहू, ते सांग पोरी. भाकर परत रुपयाचीच झाली पाहिजे."

सिंधूनं पंचवीस पुसून टपोऱ्या अक्षरात 'वीस' लिहिलं. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघत होती. गोदावरीबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ताठ उभ्या राहिल्या, जणू पाटी त्यांच्याच दारावर लागत होती.

तेहतीस निरांजनं आली, वर सहा पैसे उरले.

संध्याकाळी पानावर बसल्यावर पंतांनी कोनाड्यातली रास पाहिली. "एकतीस रुपयांत तेहतीस? घासाघीस कुणी केली?"

गोदावरीबाईंच्या तोंडात घास होता आणि डोक्यावर नेम. त्यांनी नुसतं सिंधूकडं बोट केलं.

"हिनं? ही तर मेथीची जुडीसुद्धा मागतील त्या भावानं आणते!"

सिंधू खाली मान घालून हसत राहिली, सांगेना. गोदावरीबाई एरवी ताकभात सावकाश जेवत. आज त्यांनी तो घेतलाच नाही. पान स्वच्छ केलं, आचवून आल्या आणि ओल्या हातानंच म्हणाल्या,

"घासाघीस नाही हो केली. तुमच्या लेकीनं मोतीरामजींना शेकडेवारी शिकवली. बाजारात जाऊन पाटी बघून या. अक्षर तिचं आहे."